वीजनोंद, गुहागर: हस्ताने आडाखा मोडला

मंगळवारी सकाळी विजेचा अंदाज बांधणाऱ्या माझ्या आडाख्याने ‘आज वीज नाही’ असे सांगितले आणि संध्याकाळी सातला गडगडाट सुरू झाला, तेव्हा शेजारच्या काकांचे कापलेले हळवे भात वाफ्यातच आडवे होते. ताडपत्री धरायला मीही धावलो. परत येऊन नोंदवही पाहिली, तर गच्चीवरच्या वीज टिपणाऱ्या सेन्सरने पहिला ठोका सव्वासहालाच, ४० किलोमीटरवर टिपलेला होता.

मे महिन्यात मुंबईत सांताक्रूझहून पहाटे सोडल्या जाणाऱ्या हवामान-बलूनवरून काढलेला ‘केप’ (हवेला वर उसळवणारी साठलेली ऊर्जा, ज्यूल प्रति किलो) १५०० च्या वर गेला की वळवाची वीज येणार, हे गणित छान जमले होते. जुलैत मात्र त्याने जवळपास रोज धोका दाखवला आणि आभाळ नुसतेच कोसळत राहिले. पावसाळी ढगात बाष्प भरपूर असले तरी वर जाणारा झोत मंद असतो. बरेचसे पाणी ५ किलोमीटरच्या गोठणरेषेखालीच गळून जाते आणि ज्यांच्या टकरीतून विद्युतभार वेगळा होतो, ते मऊ गारांचे गोळे व हिमकण पुरेसे तयारच होत नाहीत. म्हणून आता मी सगळा केप न घेता ० ते उणे २० अंशांच्या थरातला, म्हणजे साधारण ५ ते साडेआठ किलोमीटरमधला हिस्साच मोजतो. जुलैचे आकडे पुन्हा चालवले, तेव्हा खोटे इशारे जवळजवळ नाहीसे झाले आणि त्या रात्री मी दोनदा चहा केला.

परतीच्या पावसाला हा उपाय पुरत नाही. दुपारच्या उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने ढग घाटमाथ्यावर जन्मतो, वरचा पूर्वेचा वारा त्याला संध्याकाळी किनाऱ्याकडे ढकलतो, आणि पहाटेच्या मुंबईच्या बलूनला यातले काहीच ठाऊक नसते. तेव्हा ३ ते ५ किलोमीटरवरच्या वाऱ्याची अट घालावी, असे ठरवून हे लिहायला बसलो होतो. पण वारा ढगाची वाट सांगेल, जन्म सांगणार नाही. कुंभार्ली घाट माझ्या गच्चीपासून सरळ रेषेत पन्नासच्या आसपास आहे आणि माझ्या सेन्सरच्या एएस३९३५ चिपचा कान चाळीस किलोमीटरलाच संपतो. चिपळूणहून तोच घाट पंचविसाच्या आत येतो. म्हणून वाऱ्याची अट मागे ठेवून दुसरा सेन्सर आधी चिपळूणला आत्याकडे बसवणार आहे.

त्यासाठीचा बोर्ड आला आहे. ‘अँटेना जुळवलेली’ असे पाकिटावर छापणाऱ्या विक्रेत्याचा हा माल ५२८ किलोहर्ट्झवर बोलत होता. हवे असतात ५००; साडेतीन टक्क्यांची मुभा धरली तरी ५१७ च्या वर चालत नाही. आतले कपॅसिटर आठ-आठ पिकोफॅरडने वाढवत तो ५०२ वर आणला. आत्याने माळा दिला आहे, पण खालीच इन्व्हर्टर आहे आणि त्याचा विद्युत गोंगाट सेन्सरला वीज वाटू शकतो. त्यामुळे पहिला आठवडा बॅटरीवर चालवून, प्रत्येक ठोका ‘दामिनी’ या वीज दाखवणाऱ्या ॲपवरच्या ठिपक्यांशी ताडून पाहीन.