टीडी, बीडी आणि आपला कव्हरेजचा आकडा

दर क्वार्टरच्या रिव्ह्यूमध्ये सॉफ्टवेअरची क्वालिटी म्हणून जे आकडे दाखवले जातात ना, ते बघून मला हल्ली खरंच अस्वस्थ व्हायला होतं. टेस्ट कव्हरेज इतके टक्के, ओपन बग इतके, स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या छोट्या टप्प्यात, उरकलेल्या कामाचे पॉइंट इतके. समोर बिझनेसवाले माना डोलावतात, आणि ग्राहकाचं काम झालं की अडलं हे त्यातून कुणालाच कळत नाही. कव्हरेज वाईट आहे असं मी म्हणत नाही, टेस्टशिवाय कोड मर्ज होऊ नये या मताचाच मी आहे, पण टेस्ट चालताना कोडची एखादी ओळ चालली एवढंच कव्हरेज सांगतं. तिने उत्तर बरोबर दिलं का, हे नाही सांगत.

मला आवडतं ते यूपीआयचं उदाहरण. यूपीआय चालवणारी संस्था एनपीसीआय दर महिन्याला मोठ्या बँकांचे आकडे जाहीर करते आणि त्यात फेल झालेल्या व्यवहारांचे सरळ दोन भाग असतात. बँकेची सिस्टिम बंद होती, नेटवर्क गेलं, तर तो टेक्निकल डिक्लाइन म्हणजे टीडी. पिन चुकला, खात्यात पैसे नाहीत, दिवसाचं लिमिट संपलं, तर बिझनेस डिक्लाइन, बीडी. हे वाचायला इंजिनिअर असावं लागत नाही, बँकेच्या एमडीपासून सपोर्टच्या पोरापर्यंत सगळ्यांना एकच गोष्ट कळते, आणि टक्केवारीच्या मागची माणसंही दिसतात. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयने महिन्याला १,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. आता ०.१ टक्का टीडी ऐकायला किती छान वाटतो, पण १,००० कोटींचा ०.१ टक्का म्हणजे १ कोटी वेळा कुणीतरी भाजीवाल्यासमोर फोन धरून उभं राहिलं आणि पेमेंट गेलंच नाही.

रिझर्व्ह बँकेने तर याला रुपयांतच किंमत लावलीये. सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे यूपीआयने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे कापले गेले पण पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत, दुकानदाराला केलेलं पेमेंट असेल तर पाच दिवसांत, आणि त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. रिकन्सिलिएशनचा, म्हणजे व्यवहारांचा हिशोब जुळवणारा, जॉब रात्री बंद पडला तर त्याचं बिल किती, हे आता बिझनेसला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकते. बीडी म्हटलं की टेकवाले हात झटकून मोकळे होतात, ग्राहकाने पिन चुकवला त्याला आम्ही काय करणार! अरे, पण लिमिट संपलंय हे पिन टाकायच्या आधीच का नाही दाखवत? सप्टेंबर २०२२ मध्ये यूपीआय लाइट आलं, ॲपमध्ये आधीच बाजूला ठेवलेल्या पैशांतून छोट्या रकमा बिनपिनच्या जायला लागल्या, त्या रकमांपुरता पिन चुकायचा प्रश्नच मिटला, वर बँकेच्या कोअर सिस्टिमवरचा, म्हणजे खाती सांभाळणाऱ्या मुख्य सिस्टिमवरचा, भारही हलका झाला. म्हणजे एकाच डिझाइनने बीडी आणि टीडी दोन्हीला हात घातला, आणि चहाच्या १० रुपयांचं पेमेंट सोपं करायचं हे बिझनेसचं कामही त्यातच झालं. मला तरी टेक आणि बिझनेसचं याहून चांगलं अलाइनमेंट माहीत नाही.

आमच्या टीममध्ये मी सध्या एका आकड्याच्या मागे लागलोय, पेमेंट ‘पेंडिंग’ दिसल्यापासून पक्कं हो किंवा पक्कं नाही कळेपर्यंत किती मिनिटं जातात. पैसे गेले नाहीत असं लगेच कळलं तर माणूस रोख देऊन निघून जातो, पण पेंडिंगमध्ये अडकला की तो परत पेमेंट करतो, पैसे दोनदा कापले जातात आणि मग सपोर्टला फोन. हा आकडा पहिल्यांदा मांडला तेव्हा सपोर्टवाल्या ताई लगेच म्हणाल्या, आमचे निम्मे फोन याचेच असतात. आता प्लॅनिंगला त्याही बसतात.