कपाटामागची भिंत

घर भाड्याने देताना आणि भाडेकरूकडून परत घेताना त्याची पाहणी करून सामानाची व वास्तूच्या स्थितीची यादी लिहिणे हे माझे काम. एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी 1908 च्या नोंदणी कायद्याने सक्तीची असल्यामुळे आमच्याकडे 11 महिन्यांचा करार करून तोच पुढे वाढवत नेण्याचा प्रघात आहे. मडगावातील एका जुन्या कौलारू घराचा करारही असाच वाढवलेला होता. त्याची पहिली यादी मी मे महिन्याच्या आरंभी केली होती, आणि ताबा परत घेण्याची पाहणी मात्र पुढच्या वर्षीच्या ऑगस्टात, भर पावसात करावी लागली.

भाडेकरू जोडपे कोल्हापूरकडचे; नवरा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. मी पोहोचलो तेव्हा निजायच्या खोलीतील जड लाकडी कपाट पुढे ओढलेले होते आणि मागच्या भिंतीच्या रंगाचे पोपडे जमिनीवर पडले होते. घरमालकीणबाईंचे म्हणणे असे की, या लोकांनी पावसात ओले कपडे खोलीतच वाळवले, खिडक्या बंद ठेवल्या, म्हणून भिंत गेली. 60,000 रुपयांच्या अनामत रकमेतून 35,000 कापून घेणार. "मावशी, आम्ही ते कपाट जागचं हलवलंसुद्धा नाही," एवढेच भाडेकरू पुन्हा पुन्हा सांगत होता.

मग दोघांनीही माझी यादी मागितली. भिंतींच्या रकान्यात मी एकच शब्द लिहिला होता: "चांगल्या". कपाटामागे मी डोकावलोही नव्हतो, छायाचित्रही नव्हते, आणि मे महिन्यात गोव्यातली कोणती भिंत कोरडी दिसत नाही? त्याच यादीत बाल्कांवाकडच्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीकडच्या, खिडकीविषयी मात्र "शिंपले 48, पैकी 2 तडकलेले" अशी नोंद होती. जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी बसवलेले हे पातळ, दुधी शिंपले मला लहानपणापासून आवडतात, म्हणून ते मी मोजले होते, इतकेच. आता मोजले तर 3 नव्हतेच. भाडेकरूने ते लगेच कबूल केले. वाऱ्याने झडप आपटली होती. त्या नुकसानीबद्दल कोणी एक शब्दही वाद घातला नाही.

यादीचा उपयोग नव्हता, तेव्हा भिंतीलाच विचारणे भाग होते. कौलांतून गळणारे पाणी भिंतीवर वरून खाली ओघळते, आणि कोंदट हवेने धरलेली काळी बुरशी बहुधा कोपऱ्यांत व छताजवळ ठिपक्याठिपक्यांनी पसरते. इथे डाग जमिनीपासून सुरू होऊन साधारण तीन फुटांवर जवळजवळ सरळ रेषेत थांबला होता, आणि त्या रेषेवर पांढरा लोणा फुलला होता. जमिनीतले पाणी सच्छिद्र जांभ्यातून वर चढते, बरोबर क्षार आणते, आणि जिथे ते सुकते तिथे क्षार मागे उरतात. ओल्या कपड्यांच्या वाफेने लोणा येत नाही. पूर्वीचा चुन्याचा गिलावा ही ओल बाहेर सोडत असे; त्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक रंग चढवला की ती आतच कोंडते आणि रंग फुगवून फोडते. एक पोपडा मी उचलून उजेडात धरला. त्यात रंगाचे तीन थर होते आणि सर्वांत जुन्या थरावरही तोच पिवळट डाग होता, म्हणजे भिंत या भाडेकरूंच्या कितीतरी आधीपासून ओली होत होती.

बाईंनी तो पोपडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. त्या खोटे बोलत होत्या असे मला वाटत नाही. दर वेळी उन्हाळ्यात नवा रंग देऊन घर दाखवणाऱ्याला ती भिंत पावसात पाहण्याचा प्रसंगच येत नाही. शेवटी तीन शिंपल्यांचे आणि सुताराच्या मजुरीचे पैसे वजा करून बाकी रक्कम परत द्यायचे ठरले. माझी पहिली नोंद अपुरी होती, हे मी अहवालात लेखी नमूद केले आणि त्या पाहणीचे शुल्क घेतले नाही.

त्याच दिवशी नव्या भाडेकरूसाठी यादी लिहिली: पूर्वेकडील भिंत, जमिनीपासून तीन फुटांपर्यंत जमिनीतून चढलेली ओल, लोणा, रंग सुटलेला, कपाट भिंतीपासून सहा इंच दूर ठेवले, छायाचित्रे चार. बाईंनी चष्मा लावून ते सावकाश वाचले, सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "हें वाचून कोण येतलो?"