४८ तास गावातून मोजायचे

नोव्हेंबर २०२१ मध्ये, कोरोनाचे नियम लागू असताना, मी आमच्या कापसाच्या गटातर्फे दुबईच्या एक्स्पोला, म्हणजे तिथल्या जागतिक प्रदर्शनाला, जाऊन आलो. लोक अजूनही तिथल्या इमारतींबद्दलच विचारतात, पण मला जे सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं आहे, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावातून निघून त्या गेटपर्यंत पोचायला किती कागद, किती स्वॅब आणि किती तास लागले ते. ते नियम आता उठले, विमानानं भारतात येणाऱ्यांना भरावा लागायचा तो एअर सुविधाचा ऑनलाइन फॉर्मही नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला, पण साथ काही सांगून येत नाही, पुढच्या वेळी आपल्यातलं कोणी असंच बाहेरदेशी निघालं तर कामी पडावं म्हणून लिहून ठेवतो.

आधी हे सांगतो की मला त्या नियमांचा राग कधीच आला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये, अमरावती-अचलपूरला पुन्हा लॉकडाऊन लागला त्याच्या मागंपुढंच, आमच्या नात्यात एक साक्षगंध (साखरपुडा) झालं, मास्क कोणाच्याच तोंडावर नाही, जेवणाच्या पंगती खेटून, आणि दहा दिवसांत घरातले नऊ जण पॉझिटिव्ह. मोठे बाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, त्यातून परत आले नाहीत. गावातल्या एका साक्षगंधानं एवढं होते तर १९२ देशांचे लोक एका जागी जमणार तिथं काय होऊ शकते हे मला कोणी समजावून द्यायची गरज नव्हती.

म्हणून गटातले एक काका, वय त्रेसष्ट, शुगर आहे, दोन्ही डोस झालेले, तेही यायला तयार होते तर मीच त्यांना नाही म्हटलं. ते दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. पण तिकडं जाऊन आजारी पडले तर दवाखान्याचा खर्च कोण करणार अन् सोबत कोण थांबणार, आणि लस झाली म्हणजे लागण होतच नाही असं नसते. जायचंच नाही, हा पण एक नियमच आहे, तो फक्त कुठं लिहून नसते.

आता सर्टिफिकेट. माझे दोन्ही डोस कोविशिल्डचे, प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या दिवशी जी लस आली ती घेतली, तेव्हा कुठं माहीत होतं की नावावरून पुढं काय काय अडते. माझ्या साळ्यानं कोव्हॅक्सिन घेतली होती, त्याला जागतिक आरोग्य संघटनेची मंजुरी ३ नोव्हेंबर २०२१ ला आली, तोपर्यंत कित्येक देश ती लस धरतच नव्हते. कोविशिल्डवाल्यांचं दुखणं वेगळं होतं, दोन डोसमध्ये ८४ दिवसांचं अंतर. शिकायला किंवा नोकरीला बाहेर जाणारे आणि टोकियो ऑलिम्पिकची टीम यांना जून २०२१ मध्ये २८ दिवसांनंतर दुसरा डोस घ्यायची सूट मिळाली, बाकीच्यांनी दिवस मोजत बसायचं. माझे ८४ दिवस पुरे झाले होते म्हणून निभावलं.

पण नाव जुळेना. आधारवर माझं नाव अन् आडनाव एवढंच, पासपोर्टवर मधात बाबांचं नाव, आणि कोविनवर, म्हणजे लसीच्या सरकारी पोर्टलवर, आधारवालंच चढलेलं. बाहेरदेशी जाणाऱ्यांसाठी कोविनवर पासपोर्ट नंबर जोडता येत होता आणि पूर्ण जन्मतारखेचं वेगळं सर्टिफिकेट निघत होतं, पण त्याच्या आधी नाव दुरुस्त करावं लागलं. गावात दुपारी नेटवर्क नसते, रात्री अकरा वाजता गच्चीवर बसून ते केलं, एकेक अक्षर पासपोर्टवर बोट ठेवून. हे महिनाभर आधी करा, आठ दिवस आधी नाही.

खरी गोष्ट तासांची. तेव्हा भारतातून दुबईला जायचं तर विमान सुटायच्या आधीच्या ४८ तासांतला आरटीपीसीआर निगेटिव्ह, रिपोर्टवर क्यूआर कोड पाहिजे, वरून विमानतळावर सहा तासांच्या आतला रॅपिड पीसीआर. आणि ते ४८ तास मोजतात ते स्वॅब देल्यापासून, रिपोर्ट हाती आल्यापासून नाही. मुंबईतल्या माणसाला हे सोपं आहे, घरी स्वॅब देते अन् रिक्षात बसून विमानतळावर जाते. आपल्याकडं त्यातले चोवीस तास नुसते रस्त्यात जातात.

माझं विमान गुरुवारी पहाटे साडेचारचं. म्हणजे स्वॅब मंगळवारी पहाटे साडेचारच्या नंतरचाच पाहिजे, आणि वर्धेहून मुंबईची गाडी मंगळवारी संध्याकाळीच धरावी लागणार. त्यात तेव्हा एसटीचा संप सुरू, बस एकही नाही. सकाळी सहाला काळीपिवळी जीपमध्ये बसलो, एवढी भरली होती की दाराला लटकून पोट्टे, आणि मी दोन मास्क एकावर एक लावून खिडकीत तोंड करून बसलेला. बाजूची आजी म्हणे, "कायले येवढं बांधून ठेवलं गा तोंड, कोरोना तं गेला ना." मी म्हटलं, "आजी, मले आज चाचणी द्याची हाये, निगेटिव्ह आली पाह्यजे." तिनं काही न बोलता पदर नाकावर घेतला. मला ते फार आवडलं, खरंच.

शहरातल्या एका लॅबमध्ये स्वॅब दिला, पासपोर्टची झेरॉक्स दिली, दोनदा सांगितलं की क्यूआर कोड पाहिजे, पासपोर्ट नंबर पाहिजे. रात्री गाडीत बडनेरा गेल्यावर व्हॉट्सॲपवर रिपोर्ट आला. निगेटिव्ह. पण कोड नाही, नंबर नाही, वय ३४ च्या जागी ४३. लॅबचा फोन बंद. झोप कसली लागते, अकोला गेलं, शेगाव गेलं, मी तो कागद मोठा करकरून पाहून राहिलो. सकाळी मुंबईला उतरल्या उतरल्या दुसरीकडं पुन्हा स्वॅब दिला, जास्तीचे पैसे भरले, संध्याकाळी नीट रिपोर्ट मिळाला. म्हणून म्हणतो, रिपोर्ट आला की आधी निगेटिव्ह पाहू नका, आधी नाव, वय, पासपोर्ट नंबर, स्वॅबची वेळ आणि कोड पाहा, आणि तो कोड दुसऱ्याच्या मोबाईलनं स्कॅन करून पाहा की उघडते का. आणि जमत असेल तर आपल्याकडच्या लोकांनी एक दिवस आधी मुंबई गाठून चाचणी तिथंच द्यावी. लॉजचं भाडं लागते, पण ती रात्र माझ्यासारखी जात नाही.

विमानतळावरचा रॅपिड पीसीआर साध्या चाचणीपेक्षा कितीतरी महाग होता, आणि इथं पॉझिटिव्ह निघालो तर कापसाचे नमुने घेऊन उलटं घरी जायचं, एवढाच विचार डोक्यात. निगेटिव्ह आला. दुबईला उतरल्यावर पुन्हा स्वॅब, आणि रिझल्ट येईपर्यंत खोलीतच राहायचं.

एक्स्पो भरली २०२१ मध्ये पण नाव २०२० च ठेवलं होतं, ऑलिम्पिकसारखं. फरक एवढाच की टोकियोत स्टेडियम रिकामे ठेवले. आमचे बाबा टीव्हीवर पाहून विचारायचे, "पाहाले कोनीच काऊन नाही?" भारतातून जाणाऱ्या खेळाडूंना निघायच्या आधी सात दिवस रोज चाचणी आणि पोचल्यावर तीन दिवस कोणात मिसळायचं नाही असा नियम होता, आपल्याकडं दुसऱ्या लाटेत कोरोनाचा डेल्टा प्रकार जसा पसरला त्याच्यामुळं. एक्स्पोत मात्र लोकांना आत घेत होते, पण अठरा वर्षांवरच्या माणसाला लसीचं सर्टिफिकेट नाहीतर ७२ तासांतला पीसीआर दाखवल्याशिवाय गेट उघडत नव्हतं. मास्क आत पण अन् उघड्यावर पण. मी भारताच्या पॅव्हेलियनसमोर उभा होतो, त्याच्या भिंतीवरचे सहाशे चौकोन फिरतात, ते पाहता पाहता पाणी प्यायला मास्क खाली केला तो तसाच राहून गेला, तर लगेच एक मुलगी आली, बोलली काही नाही, स्वतःच्या मास्कला बोट लावून दाखवलं अन् हसली, डोळ्यांवरून समजलं. दंडाचा धाक होताच म्हणा, पण असं हसून सांगितलेलं माणूस पटकन ऐकते, आपल्या बाजारात पण असं सांगणारं कोणी पाहिजे होतं.

व्यापाऱ्यांशी बोलणं उघड्यावर, उभ्यानं. नमुना द्यायचा, हात न मिळवता नमस्कार करायचा. दोघं बंद खोलीत जेवायला चला म्हणत होते, मी नाही गेलो, गटातल्या एकाला हे अजूनही पटलेलं नाही की मी ऑर्डर मिळण्याचा चान्स सोडला. सोडला असेल.

परत येताना पुन्हा ७२ तासांतला आरटीपीसीआर, एअर सुविधावर आपली माहिती भरायची, रिपोर्ट अपलोड करायचा. सगळ्याचे तीन-तीन प्रिंट जवळ ठेवले, मोबाईलची बॅटरी गेली की क्यूआर कोडही गेला.

२३ तारखेला गावात आलो. मी घरी न जाता सरळ शेतात गेलो अन् गोठ्याच्या बाजूच्या खोलीत सात दिवस राहायचं ठरवलं, माझ्यासाठी तशी सक्ती नव्हती पण घरात बाबा आहेत, मोठ्या बाबांनंतर आई तशीही धसकलेली. कापूस वेचायला बाया यायच्या त्यांना पण दुरूनच बोलायचो. आई रोज डबा धुऱ्यावर (बांधावर) ठेवून वीस पावलं मागं जाऊन उभी राहायची, मी जेवेपर्यंत.

२६ तारखेच्या रात्री मोबाईलवर बातमी आली, जागतिक आरोग्य संघटनेनं कोरोनाच्या नव्या प्रकाराला ओमिक्रॉन नाव दिलं. सकाळी आई डबा घेऊन आली तेव्हा तिनं पण टीव्हीवर ऐकलं होतं. धुऱ्यावरूनच विचारलं, "तुह्या तिकडंच निंघाला का थो?" मी म्हटलं, "नाही वं, आफ्रिकेकडं सापडला." ती थोडा वेळ उभी राहिली, मग म्हणे, "सातच्या जागी धा दिवस राह्य बाप्पा. मी आनत जाईन डबा."

मी दहा दिवस राहिलो.