एमआरआय नॉर्मल, मग हे असे का?

‘ताई, एमआरआय नॉर्मल आलाय, डॉक्टरांनी घरी सोडलं, मग हे पूर्वीसारखे का नाहीत?’ डोक्याला मार लागलेल्यांच्या आणि जुनाट आजार असलेल्यांच्या मेंदूच्या कामाचा आम्ही नाशिकमध्ये अभ्यास करतो. चाचण्या घेताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो, बहुतेकदा बायकोकडून. तुमच्या यजमानांच्या अपघातानंतर तुम्हीही तोच विचारलात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नेहमीच्या एमआरआयमधला बारीक ठिपका साधारण १ मिलिमीटरचा असतो. मेंदूच्या पेशींना जोडणारे तंतू त्याच्या हजाराव्या भागाइतके बारीक. महामार्गावर गाडी घसरते, डोकं गर्रकन फिरतं आणि हे तंतू ताणले जातात. बहुतेक त्या क्षणी तुटतही नाहीत. पुढच्या काही तासांत, दिवसांत सुजून निकामी होतात. रक्तस्राव झालेला नसेल, तर एमआरआयचं चित्र बऱ्याचदा स्वच्छ येतं.

घरचे सांगतात, ‘विसरतात’. तपासलं की पुष्कळदा वेगळंच निघतं. द्राक्षबागायतदार जुन्या गोडी छाटणीच्या तारखा धडाधड सांगतो. पण फवारणीचं औषध मोजताना फोन वाजला, की किती टाकलं ते हरवतं. आठवण शाबूत असते. मंदावलेला असतो तो वेग, आणि दोन गोष्टी एकदम सांभाळणं जमेनासं झालेलं असतं. अशा माणसाला घरात आळशी, चिडका ठरवतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

‘मार डोक्याला लागलाय, साखरेचं काय विचारता?’ असंही काहीजण वैतागून म्हणतात. विचारावंच लागतं. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण ऊर्जा तो जवळपास २० टक्के खातो. बरीच वर्षं मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि विचारांचा वेग तसाही उतरतो. मग अपघाताने किती बिघडलं आणि आधीच किती बिघडलं होतं, हे वेगळं कसं करायचं? म्हणून तुलनेला आम्ही हात-पाय मोडलेले, पण डोकं वाचलेले रुग्णही घेतो. वेदना, औषधं आणि झोपमोड त्यांनाही असतेच. शिवाय तीच चाचणी दुसऱ्यांदा दिली की गुण सरावानेही वाढतात. ती सुधारणा समजून कुणी आनंदलं, तर पुढे निराशा होते.

गुणांबद्दल माझं एक ठाम मत आहे. आठवण, लक्ष, विचार झटपट तपासणारी, २००५ साली प्रसिद्ध झालेली मोका (MoCA) चाचणी ३० गुणांची. २६ च्या खाली आलं की काळजी करायची, असा ठोकताळा. शिक्षण बारा वर्षं किंवा त्याहून कमी असेल, तर १ गुण वाढवून देतात. चौथीपर्यंत शिकलेल्या निफाडच्या शेतकऱ्याला तो १ गुण पुरत नाही. त्याचा आकडा त्याच्यासारखंच शिक्षण आणि वय असलेल्यांशीच ताडायला हवा.

कधी बरे होतील, हेही तुम्ही विचारलंत. मार जबर असेल तर पहिले सहा महिने सुधारणा वेगाने होते, नंतर सावकाश, पण वर्ष-दोन वर्षं होत राहते. तोवर एका वेळी एकच काम सांगा, झोप सांभाळा, औषध मोजताना फोन दुसऱ्याकडे द्या. आणि पुढच्या तपासणीला तुम्ही स्वतः या. अपघाताआधी हे कसे होते, ते तुमच्याइतकं मला कोणीच सांगू शकत नाही.