फोन कोण धरतो, यावर अर्धी तपासणी

मेंदूविकाराच्या रुग्णाची व्हिडिओवरची तपासणी निम्मी तरी घरात फोन धरणाऱ्याच्या हातात असते. 2020 च्या टाळेबंदीत काणकोण, वाळपई किंवा सीमेपलीकडच्या दोडामार्गातून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज गाठणं कठीण झालं. 25 मार्चला केंद्राची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, पण ती डॉक्टरांसाठी. फोन धरणाऱ्यासाठी हे.

बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, रेंज मिळते म्हणून रुग्णाला तिथल्या सोप्यावर, बांधीव बाकावर बसवतात. पाठीमागून उजेड आला की चेहरा काळा पडतो, ओठाचा कोपरा ओघळलाय का तेच कळत नाही. उजेड तोंडावर हवा.

चालणं दाखवताना फोन तीनेक मीटर लांब, डोक्यापासून पावलांपर्यंत सगळं दिसेल असा. लाद्यांच्या सांध्यावरून एका पायाच्या बोटांना दुसऱ्याची टाच टेकवत दहा पावलं. आधाराला दुसरं माणूस नसेल तर ही चाचणी सोडून द्या.

पार्किन्सनचा कंप बघायचा तर हात मांडीवर सैल ठेवून शंभरातून सात-सात वजा करायला सांगा. मन आकड्यांत गुंतलं की दबलेला कंप वर येतो. तो सेकंदाला साधारण 4 ते 6 वेळा होतो. रेंज अडखळली की कॉलवर दिसतच नाही, आणि धड चालणारी बोटंही अडखळल्यासारखी वाटतात. म्हणून वेगळं रेकॉर्डिंग पाठवा: एक गोळीआधी, एक तासाभराने, वेळ तोंडाने सांगून. काही फोनांचा सेल्फी कॅमेरा डावं-उजवं उलटं साठवतो. उजव्या मनगटाला दोरा बांधला की प्रश्न मिटला.

फिट आली तर आधी कुशीवर वळवा, घड्याळ बघा, मग व्हिडिओ. डोळे उघडे की मिटलेले, मान कुठल्या बाजूला वळली, हे त्यात यायला हवं. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108.

स्नायूंचा ताठरपणा, हातोडीने बघायचे प्रतिक्षेप, डोळ्याचा पडदा, हे फोनवर होत नाही. तोंड अचानक वाकडं झालं, हात लुळा पडला, तर व्हिडिओ कॉलच नको, थेट इस्पितळ. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो.

औषधांच्या पट्ट्या नावासकट कॅमेऱ्यासमोर धरा. ‘फिटची पांढरी गोळी’ सांगून भागत नाही. व्हॅलप्रोएट हे फिटचं एकच औषध 200, 300, 500 मिलिग्रॅममध्ये मिळतं. उरलेल्या गोळ्याही मोजून सांगा. औषध लागू पडत नाही की घेतलंच जात नाही, ते त्या आकड्यावरून कळतं.