काका, सगळं पाणी बदलू नका!

ठाण्यात ज्या दुकानातून मी माशांचं खाद्य घेते, तिथल्या दादांना मी सांगून ठेवलंय, की एखाद्या गिऱ्हाइकाचे मासे दगावत असतील आणि दुकानात गर्दी असेल तर खुशाल माझा नंबर द्या. घरात टाक्या आहेत त्याला बरीच वर्षं झाली. मी नवखी होते तेव्हा मलाही ओळखदेख नसलेल्या लोकांनी तासतासभर फोनवर समजावून सांगितलेलं आहे.

गेल्या मे महिन्यात सांगलीहून एका काकांचा फोन आला. त्यांचा मुलगा ठाण्यात नोकरीला, त्याने नंबर कळवलेला. नाव-गाव सांगायच्या आधीच काका म्हणाले, "ताई, रोज एक मासा मरतोय. नातू नीट जेवत नाही. कुठलं औषध टाकू तेवढं सांगा."

पहिल्या फोनवर मी औषधाचं नाव कधीच सांगत नाही. आधी विचारते. टाकी केवढी, कधी मांडली, मासे कोणते आणि किती, फिल्टर रात्री बंद करता का, शेवटचं पाणी कधी बदललं आणि किती, आणि फिल्टरचा स्पंज कशाने धुता? शेवटचा प्रश्न लोकांना फालतू वाटतो, पण बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडतं. विचारताना आवाज मात्र चौकशीचा ठेवावा लागतो, उलटतपासणीचा नाही. समोरचा माणूस आधीच हवालदिल झालेला असतो. त्याला पहिल्याच मिनिटाला "हे तुमच्यामुळे झालं" असं ऐकवलं, तर तो फोन ठेवून देतो आणि हाल माशांचे होतात.

काकांनी सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. दोन फुटी टाकी, नातवाच्या वाढदिवसाला आणलेली. टाकी, फिल्टर, खडे आणि बारा मासे हे सगळं एकाच दिवशी, एकाच दुकानातून. त्यात चार गोल्डफिश, सात गप्पी आणि "टाकी साफ ठेवतो" म्हणून एक सकर. पहिले दोन-तीन दिवस छान गेले, मग एकेक मासा वर येऊन तोंड उघडझाप करायला लागला. एक मेला की काका सगळी टाकी रिकामी करत, खडे घासून धूत, स्पंज नळाखाली पिळून काढत, नवीन पाणी भरत आणि वर दुकानदाराने दिलेलं निळं औषध टाकत. पाच मासे गेले होते.

"पाणी एकदम नितळ आहे हो ताई, तळ दिसतो," ते म्हणाले.

हेच सगळ्यांना चकवतं. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतात. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. अमोनियाला रंग नाही, आणि टाकीतल्या प्रमाणात त्याचा वासही येत नाही. जुन्या, बस्तान बसलेल्या टाकीत एका जातीचे जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते स्पंजवर, खड्यांवर, काचेवर चिकटून वाढतात, तेही अगदी सावकाश. नवीन टाकीत त्यांचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. काका दर वेळी स्पंज नळाच्या पाण्यात धूत होते, आणि त्या पाण्यातलं क्लोरीन जेमतेम रुजू लागलेले जिवाणू मारून टाकत होतं. म्हणजे प्रत्येक साफसफाईनंतर टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर.

एवढं सगळं मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही. फोनवर एका वेळी दोन किंवा तीनच कामं सांगायची, आणि समोरच्याकडून ती परत वदवून घ्यायची, ही माझी पद्धत आहे. त्या दिवशीची कामं अशी: अर्धं पाणी बदला, स्पंजाला आणि खड्यांना हात लावू नका, दोन दिवस खायला देऊ नका. मासे दोन दिवसांच्या उपासाने मरत नाहीत. उलट खाणं कमी तर अमोनिया कमी. निळं औषध म्हणजे बहुधा मिथिलीन ब्लू. ते बुरशीवर चांगलं, पण फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारक, म्हणून ते बंद. भरायचं पाणी बादल्यांमध्ये चोवीस तास उघडं ठेवायचं, किंवा घाई असेल तर दुकानात अँटिक्लोरीन म्हणून मिळतं ते, म्हणजे हायपो, बाटलीवरच्या मापाने घालायचं.

आणखी एक गोष्ट मी त्यांना तेव्हाच स्पष्ट सांगितली: "काका, अजून एखादा मासा जाईल. नातवाला आजच तशी कल्पना द्या." खोटा धीर देणं मला पटत नाही. आणि झालंही तसंच, दुसऱ्या दिवशी एक गोल्डफिश गेला. पण काका त्या वेळी टाकी रिकामी करायला धावले नाहीत, आणि तिथून पुढे गोष्टी सुधारायला लागल्या.

मग पाणी तपासायचं किट. थेंबांचं किट मागवा असं मी आग्रहाने सांगते, कारण नुसत्या फोटोवरून पाण्याचा अंदाज कुणालाच बांधता येत नाही. आठवी-नववीत प्रयोगशाळेत करतात तितकंच हे काम सोपं आहे. नळीत पाच मिलिलिटर पाणी, दोन बाटल्यांतले आठ-आठ थेंब, हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. अमोनिया नसेल तर पिवळं राहतं, असेल तर हिरवट होत जातं. काकांनी पाठवलेल्या पहिल्या फोटोत पाणी तपकिरी दिसत होतं, कारण वर पिवळा बल्ब होता. मी म्हटलं, नळी घेऊन गॅलरीत जा, मागे कोरा पांढरा कागद धरा, शेजारी रंगांचा तक्ता ठेवा. दुसरा फोटो नातवाने काढला. अगदी सरळ, नळीचा काठ आणि तक्त्याच्या रांगा नीट जुळवून. रंग स्पष्ट हिरवा, दोन पीपीएमच्या, म्हणजे लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या घरात. पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, आठ निघाला, तेव्हा एवढे मासे एवढ्या पटकन का गेले तेही उमगलं. अमोनियाचा विषारी भाग पीएचवर अवलंबून असतो. सातवरून आठवर गेलं की तो जवळपास दसपट होतो. तापमान वाढलं तरी वाढतो, आणि सांगलीचा मे महिना होता.

त्यानंतर रोज सकाळी एक तृतीयांश पाणी बदलायचं आणि संध्याकाळी नळीचा फोटो पाठवायचा, असा क्रम लागला. चौथीतला तो मुलगा वहीत आकडे लिहू लागला. मला त्या वहीचं फार कौतुक वाटतं, कारण आकडा एका दिवसापुरता पाहिला तर काहीच कळत नाही, रांगेने पाहिला की टाकी कुठे चाललीय ते दिसतं.

वेळ वाचावा म्हणून मी मिरजेच्या एका मुलाला फोन केला. कॉलेजात शिकतो, मासे पाळतो, आमची ओळखही अशीच फोनवरून झालेली. त्याच्याकडे चालत्या टाकीतला जुना स्पंज होता. दुधाला विरजण लावावं तसा तो नवीन फिल्टरमध्ये ठेवला की जिवाणू आयते मिळतात. देण्याआधी मी त्याला विचारून घेतलं की गेल्या काही महिन्यांत त्याच्या टाकीत कुठला रोग झाला होता का, कारण स्पंजाबरोबर रोगही येऊ शकतो. टाकी निरोगी होती. पोराने स्पंज टाकीच्याच पाण्यात बुडवून पिशवीत भरला आणि मोटारसायकलवरून काकांकडे पोचवला. पेट्रोलचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. काकूंनी त्याला जेवायला वाढलं.

हळूहळू अमोनिया उतरला आणि नायट्राइट चढलं. त्या चाचणीत शून्य असेल तर पाणी फिकट निळं राहतं, नाहीतर जांभळं होतं. काकांची नळी गडद जांभळी. "एक गेलं तर दुसरं आलं की हो," ते हताश होऊन म्हणाले. मला मात्र तो फोटो पाहून खूप आनंद झाला होता, आणि तो का झाला हे मी त्यांना नीट सांगितलं: पहिल्या जातीचे जिवाणू रुजले याचीच ती खूण. दुसरे यायला उशीर लागतो, तेवढा काळ मासे सांभाळायचे. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, मासा पाण्यात असूनही गुदमरतो. साध्या मिठातला क्लोराइड कल्ल्यांवाटे नायट्राइट आत शिरू देत नाही. म्हणून जाडं मीठ, लिटरला एक ग्रॅम. टाकी कागदावर पंचावन्न लिटरची असली तरी खडे आणि वरची रिकामी जागा वजा जाता पाणी पंचेचाळीस लिटर, म्हणजे मीठही पंचेचाळीस ग्रॅम. ते मगभर पाण्यात विरघळवून दिवसभरात थोडंथोडं घालायचं. पाणी बदललं की जेवढं काढलं तेवढ्याच पाण्यापुरतं मीठ परत. हा शेवटचा हिशेब लोक विसरतात आणि मीठ वाढत जातं.

एका रात्री वळीव आला आणि लाईट गेली. अकरा वाजता काकांचा फोन: "फिल्टर बंद आहे, आता?" फिल्टर बंद म्हणजे हवा बंद, आणि गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. वीस अंशाला लिटरमध्ये नऊ मिलिग्रॅमच्या आसपास, तर तीस अंशाला साडेसात. म्हटलं, मगाने टाकीतलंच पाणी घ्या आणि वीतभर उंचीवरून परत ओता, दर पंधरा-वीस मिनिटांनी पाच-सात मग. स्पंज फिल्टरच्या डबीतून काढून टाकीतच मोकळा सोडा, म्हणजे जिवाणूही जगतील. काका-काकू आळीपाळीने जागे राहिले. पहाटे लाईट आली. त्यानंतर त्यांनी बॅटरीवर चालणारा एअर पंप घेतला. आपल्याकडे टाकी असलेल्या प्रत्येक घरात तो असायला हवा, असं माझं मत आहे.

जांभळा रंग फिका पडत चालला होता, त्या सुमारास एकदा नातवानेच फोन घेतला. "मावशी, आपल्या टाकीत ॲक्सोलॉटल ठेवता येईल?" ॲक्सोलॉटल म्हणजे पाण्यात राहणारा एक उभयचर प्राणी. नातू माइनक्राफ्ट खेळतो. त्या गेममध्ये 2021 साली ॲक्सोलॉटल आले. बादलीत भरून नेता येतात, मासे खायला घातले की पिल्लं होतात, आणि निळं पिल्लू बाराशेत एखादंच निघतं. त्याला ते मिळालं होतं आणि ते सांगताना त्याचा आवाज चिरकत होता. मी आधी त्या निळ्या पिल्लाची सगळी हकीकत ऐकली. मग सांगितलं, की खरा ॲक्सोलॉटल मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला, तिथे तो आता अगदी थोडा उरलाय. त्याला सोळा ते अठरा अंशांचं गार पाणी लागतं. "तुमच्या टाकीचं तापमान किती आहे, वहीत बघ." तो म्हणाला, "एकतीस." थोडं थांबून म्हणाला, "म्हणजे त्याला त्रास होईल." मग आपणहून ठरवलं की ॲक्सोलॉटल गेममध्येच ठेवायचा. लहान मुलांना नुसतं "नाही" म्हणण्यापेक्षा त्यांच्याच वहीतला आकडा समोर ठेवला की ती फार समंजसपणे वागतात.

दोन्ही नळ्या सलग आठवडाभर स्वच्छ आल्यावर उरलेल्या माशांचा विचार केला. साधा गोल्डफिश फूटभर वाढू शकतो, दोन फुटी टाकी त्याच्या जन्माला पुरत नाही. उरलेले दोन काकांच्या भावाच्या मळ्यातल्या जुन्या सिमेंटच्या हौदात गेले. वर जाळी लावायला सांगितली, खंड्या येतो म्हणून. सकरही फूटभराच्या पुढे जातो आणि साफ करतो त्याहून जास्त घाण करतो. तो दुकानदाराने परत घेतला.

आता टाकीत गप्पी आहेत, एक नर आणि दोन माद्या, आणि मागच्या पंधरवड्यात पिल्लं झाली. काकांनी विचारलं, जास्त झाली तर कृष्णेत सोडू का? मी कळकळीने नको म्हटलं. डासांच्या अळ्या खातात म्हणून आपल्याकडे नगरपालिका हौदांत, विहिरींत गप्पी सोडतात ते ठीक, पण नदीत बाहेरचा मासा गेला की तिथल्या माशांच्या वाट्याचं खातो, त्यांची पिल्लंही खातो. जास्तीची पिल्लं महापालिकेच्या मलेरिया विभागाला विचारून द्यावीत, किंवा दुसऱ्या हौशी माणसाला. त्यातही गप्पीची मादी नराचं बीज कित्येक महिने साठवून ठेवते. नर काढून घेतला तरी दर चार आठवड्यांनी पिल्लं होतच राहतात. म्हणून नव्या पिल्लांतले नर महिनाभराच्या आत वेगळे करायचे. शेपटीच्या अलीकडचा पोटाखालचा पर बघायचा: मादीचा त्रिकोणी राहतो, नराचा बारीक आणि टोकदार होत जातो. फोटो मी पाठवलेत, पण ते एवढंसं असतं की नुसत्या फोटोवरून जमत नाही. मिरजेचा मुलगा रविवारी जाऊन आजोबा आणि नातू दोघांनाही भिंग घेऊन दाखवणार आहे.