सर, बॉल लागतो

"सर, बॉल लागतो."

आज सांगलीत शाळेच्या मैदानावर फुटबॉल टीममधला आठवीतला बॅक, म्हणजे मागं बचाव करणारा पोरगा, एवढंच पुटपुटला. टीम सलग हरतेय आणि सगळ्यांना गोल मारणारा नवा स्ट्रायकर हवाय.

बॉल अंगठ्यानं दाबून पाहिला. दगड! पंक्चरवाल्याकडं कॉम्प्रेसरनं भरून आणलेला. नियमात पाच नंबरच्या बॉलला ८.५ ते १५.६ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) हवा चालते. आपल्या टणक, खडी वर आलेल्या मैदानावर पोरांना नऊ-दहा पुरे. हातपंपानंच भरा, आणि सुई ओली करून घाला. कोरडी घुसवली की व्हॉल्व्ह फाटतो, मग रोज हवा जाते आणि पुन्हा तोच कॉम्प्रेसर.

असला बॉल आला की पोरगं डोळे मिटून पाठ फिरवतं, नाहीतर लांबूनच चवड्यानं भिरकावतं. पास कुठून व्हायचा?

आधी हवा काढा. मग आठ पावलांचा चौकोन, चार पोरं कडेला, एक मध्ये. कडेच्यांनी पास द्यायचे, मधल्यानं बॉल हिसकायचा. बॉलला प्रत्येकाचे दोनच टच. मधला दमतो, दोन मिनिटांत बदला. पहिला आठवडा नुसता गोंधळ होतो, होऊ द्या. (मॅच लावायची घाई आपल्यालाच असते, पोरांना नाही.)

तुमच्या शाळेतल्या बॉलची हवा शेवटची कधी मोजली होती?